स्वस्तातला स्ट्राइक इंडिकेटर: निवडायचा कसा, बांधायचा कसा, टिकवायचा कसा

एकदा मी पुलाच्या कठड्यावर ओणवा होऊन मित्राचं निंफिंग, म्हणजे पाण्याखालच्या किड्यासारखा दिसणारा बनावट किडा (निंफ) गळावर बांधून केलेली मासेमारी, बघत होतो. पाणी इतकं नितळ की वरून तळाचे गोटे मोजता आले असते. त्याचा निंफ तळालगत वाहत आला, एका ट्राउट माशाने अंग जरासं तिरकं केलं, तोंडाची पांढरी रेघ दिसली, मिटली, पुन्हा दिसली आणि निंफ बाहेर. सगळा कारभार सेकंदाभरात उरकला. पाऊण तासात असं चार वेळा झालं. मित्र वर आला आणि म्हणाला, "इथे मासाच नाही रे."

त्याच्या लीडरवर, म्हणजे जाड दोरीच्या टोकाला जोडलेल्या बारीक धाग्यावर, स्ट्राइक इंडिकेटर होता: मासा चावला की हलून खूण देणारा तरंगता गोळा. नवा, विकतचा, चकचकीत नारिंगी आणि लिंबाएवढा. चारही वेळा तो जागचा ढिम्म हलला नव्हता.

तेव्हापासून मी विकतचे मोठे फुगे जवळजवळ सोडूनच दिले. लोकरीचा झुपका, फोमचा तुकडा, कधी बुचाची गोळी एवढ्यावर माझं बहुतेक काम भागतं. हे सगळं घरी बनतं, आणि नीट सांभाळलं तर हंगामभर पुरतं. सांभाळलं नाही तर मात्र दुपारपर्यंत बुडतं, आणि मग माणूस पुन्हा दुकानाच्या वाटेला लागतो.

इंडिकेटरकडून नक्की काय हवं

मासा निंफ तोंडात घेतो ते दाखवणं हे त्याचं पहिलं काम, सगळ्यांना माहीत असलेलं. दुसरं काम म्हणजे निंफ ठराविक खोलीवर टांगून ठेवणं. तिसऱ्या कामाकडे कुणी फारसं लक्ष देत नाही, पण माझ्या मते तेच सर्वांत मोलाचं: तुमचा निंफ मोकळा वाहतोय की दोरी त्याला फरपटत नेतेय, हे इंडिकेटर सांगतो. फरपटत जाणाऱ्या निंफकडे मासा सहसा फिरकत नाही. मग चावा दाखवणारं साधन कितीही नाजूक असलं तरी काय उपयोग? दाखवायला चावाच नसतो.

ही तिन्ही कामं एकमेकांच्या विरोधात जातात. खोली धरायला तरंगण्याची ताकद हवी, चावा दाखवायला ताकद कमी हवी. सगळी निवड या ओढाताणीत आहे. निंफला जेमतेम उचलून धरेल इतकाच इंडिकेटर घ्यायचा, त्याहून मोठा नाही.

बांधून ठेवलेली हवा

कुठलाही इंडिकेटर घ्या, तो म्हणजे कशात तरी कोंडलेली हवा. लोकरीत ती तंतूंच्या मधे अडकलेली असते, फोममध्ये बंद कप्प्यांत, बुचात आणि बाल्सात लाकडाच्या पेशींत, प्लॅस्टिकच्या फुग्यात कवचाच्या आत. इंडिकेटर बुडू लागला म्हणजे ती हवा कुठून तरी निसटली आणि तिथे पाणी शिरलं. हे एकदा डोक्यात बसलं की निवड आणि देखभाल दोन्ही सोप्या होतात. हवा कुठे आहे ते बघायचं आणि तिथे पाणी जाऊ द्यायचं नाही.

आता थोडं गणित, कारण आकाराच्या बाबतीत डोळा फसवतो. १० मिमी व्यासाची गोळी पूर्ण बुडाली तर साधारण अर्धा ग्रॅम पाणी बाजूला सारते. १२ मिमीची ०.९ ग्रॅम, १६ मिमीची २.१ ग्रॅम आणि २० मिमीची ४.२ ग्रॅम. व्यास दुप्पट झाला की ताकद आठपट होते. गोळीचं स्वतःचं वजन यातून वजा करायचं, पण फोम आणि बाल्सा इतके हलके असतात की फरक थोडाच पडतो. दुसऱ्या बाजूला ३ मिमी टंगस्टन मण्याचा निंफ पाव ग्रॅमच्या आसपास भरतो. असे दोन निंफ बांधले तरी संथ पाण्यात १२ मिमीची गोळी त्यांना आरामात धरते. मित्राच्या लिंबाएवढ्या फुग्याखाली तसले डझनभर निंफ टांगले असते तरी तो हसत तरंगला असता. अशा फुग्याला खाली खेचायला माशाने निंफ घेऊन पळ काढायला हवा, आणि अनुभवी ट्राउट पळत नाही, थुंकतो.

खळाळत्या पाण्यात उसळ्या आणि भोवरे असतात, तिथे हिशेबापेक्षा एक माप मोठं घ्यावं लागतं. पण एकच.

हिशेब नको असेल तर बादली आहेच. निंफ आणि असतील तर वजनाचे मणी वीतभर दोऱ्याने इंडिकेटरला बांधा आणि बादलीत सोडा. निम्मा इंडिकेटर पाण्यावर राहिला तर संथ धारेसाठी माप बरोबर. दोन तृतीयांश वर राहिला तर खळाळासाठी ठेवा. जवळजवळ सगळाच वर राहिला तर तो मोठा आहे, लहान घ्या. मी हिवाळ्यात बसून डबीतल्या प्रत्येक इंडिकेटरवर मार्करने टिंब करून ठेवतो: एक टिंब म्हणजे एक हलका निंफ, दोन म्हणजे दोन निंफ, तीन म्हणजे जड जोडी. नदीवर विचार करावा लागत नाही.

कुठला घ्यावा

लोकरीचा झुपका. माझी पहिली पसंती. पाण्यावर पिसासारखा उतरतो, मासा बिथरत नाही, कात्रीने हवा तेवढा छाटता येतो, आणि एका गुंडीतून वर्षानुवर्षांचा साठा निघतो. यात दोन जाती आहेत. हस्तकलेसाठी मिळणारा पॉलिप्रोपिलीनचा जाड धागा मुळातच पाण्याहून थोडा हलका असतो, त्याची घनता ०.९ च्या आसपास, आणि तो पाणी पीत नाही. मेंढीची लोकर पाण्याहून जड, सुमारे १.३, पण तिच्या तंतूंवर नैसर्गिक मेण असतं आणि मधे हवा भरपूर धरली जाते, त्यामुळे तीही मस्त तरंगते. फक्त न धुतलेली किंवा कमी प्रक्रिया केलेली लोकर हवी. स्वेटरसाठी धुऊन, रंगवून विकतात त्या लोकरीतलं मेण बरंचसं गेलेलं असतं. ॲक्रिलिकचा धागा स्वस्त म्हणून घ्यायचा मोह होतो, पण तो लवकर भिजून जड होतो.

झुपक्याचा दोष एकच: फेकताना तो वारा धरतो. समोरून वारा असेल तर दोरीचा वळसा उघडायला तयार होत नाही. तेव्हा तो छाटून निम्मा करायचा, किंवा फोम लावायचा.

फोम. इथे एक परीक्षा घेतल्याशिवाय काहीही वापरू नका. तुकडा पाण्याखाली धरून बोटांनी करकचून दाबा आणि पाण्याखालीच सोडा. बाहेर काढून पुन्हा दाबा. पाणी निथळलं तर ते कप्पे उघडे आहेत, म्हणजे तो स्पंज झाला, इंडिकेटर नव्हे. कोरडाच राहिला तर कप्पे बंद आहेत आणि तुकडा कामाचा. हस्तकलेचे ईव्हीए फोमचे पत्रे आणि रबरी स्लिपरचा तळवा सहसा पास होतात. कानात घालायचे फोमचे बोळे बरेच जण वापरतात. रंग भडक, आकार आयता. पण त्यांत दोन्ही प्रकार सापडतात, म्हणून आधी दाबून बघाच. चिकटपट्टीसारखे लावायचे फोमचे तुकडेही मिळतात. ते एकदाच वापरता येतात आणि लीडरवर चिकट थर सोडून जातात. एखाद दिवसासाठी ठीक.

बूच आणि बाल्सा. बाटलीच्या बुचाची गोळी तासून, मधे भोक पाडून, दातकोरणीची पाचर मारली की झालं. बाल्सा त्याहूनही हलका. दिसायला देखणे, फेकायला सोपे, पाण्यावर पडताना मात्र 'टप्' असा आवाज करतात. उथळ संथ डोहात तो आवाज महागात पडतो.

प्लॅस्टिकचा पोकळ फुगा. तरंगण्यात कुणी हात धरणार नाही. जड निंफ, गढूळ पाणी आणि उसळता प्रवाह असेल तिथे मीही वापरतो, १२ मिमीचा. मोठी मापं दुकानातच राहू देत.

रंगीत पुटी, म्हणजे मेणासारखा मऊ लगदा. चिमूटभर घेऊन लीडरच्या गाठीवर दाबायची. ओढ्यासारख्या छोट्या पाण्यात हरभऱ्याएवढी गोळी एका निंफला पुरते. थंडीत ती कडक होऊन फेकताना उडून जाते, उन्हात हाताला चिकटते. म्हणून गाठीवरच लावायची, सपाट लीडरवर ती घसरते.

पाण्याचे छोटे रबरी फुगे वापरणारेही आहेत. नाजूक चावा ते छान दाखवतात हे खरं. पण फुटले की चिंधी नदीतच राहते, म्हणून मी त्यांच्या वाटेला जात नाही.

आणि ज्याचा वेगळा खर्चच नाही तो इंडिकेटर तुमच्या फ्लायच्या, म्हणजे गळावर बांधलेल्या बनावट किड्यांच्या, डबीत आधीच पडलेला असतो: फोमच्या पाठीची एखादी मोठी ड्राय फ्लाय, म्हणजे पाण्यावर तरंगणारी फ्लाय. तिच्या गळाच्या वळणाला टिपेट, म्हणजे लीडरच्या टोकाला लावतात तो सर्वांत बारीक धागा, बांधून खाली ४०-५० सेंमीवर हलका निंफ सोडा. गुडघाभर पाण्यात यासारखं दुसरं काही नाही, आणि कधी कधी मासा इंडिकेटरच खातो. तो आनंद फुग्यात नाही.

रंग

दुकानात सगळे नारिंगीच असतात, कारण फळीवर तो रंग उठून दिसतो. पाण्यावर गोष्ट वेगळी. सावलीतल्या गडद पाण्यावर पिवळा-पोपटी सर्वांत लांबून दिसतो. ढगाळ आकाशाची चांदी पाण्यावर पसरली की भडक रंग करडे दिसू लागतात, तिथे काळा झुपका झकास उठून दिसतो. यावर पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही. पांढरा मला आवडतो कारण माशाला तो फेसाच्या बुडबुड्यासारखा वाटत असावा, पण फेसाळ पाण्यात तो तुम्हालाही बुडबुडाच वाटतो. लाल-हिरव्याचा घोळ होणाऱ्या डोळ्यांनी पिवळा आणि काळा जवळ ठेवावा.

दोन रंगांचा झुपका सर्वांत उपयोगी. अर्धा काळा, अर्धा पिवळा. प्रकाश बदलला तरी एक बाजू दिसतेच, आणि झुपका गोल फिरला किंवा आडवा झाला की लगेच लक्षात येतं.

झुपका बनवायचा कसा

लागणारं सामान: दोन रंगांचा पॉलिप्रोपिलीन धागा, पक्का शिवणदोरा, उवांची बारीक फणी, धारदार कात्री आणि फ्लोटंट. फ्लोटंट म्हणजे ड्राय फ्लायला लावतात ते सिलिकॉनचं जेल किंवा मेणासारखी पेस्ट.

१. दोन्ही रंगांचे पाच-सहा सेंमी लांबीचे तुकडे कापून एकमेकांवर ठेवा. एका हलक्या निंफसाठी प्रत्येकी एक पदर पुरतो.

२. बरोबर मध्यावर शिवणदोऱ्याचे चार-पाच घट्ट वेढे घेऊन गाठ मारा. झुपक्याचा सगळा भरवसा या वेढ्यांवर आहे, इथे ढिलाई नको.

३. दोन्ही बाजू वर दुमडा आणि फणीने विंचरायला लागा. इथे घाई करू नका. धाग्याचा पीळ पूर्ण उलगडून एकेक तंतू सुटा व्हायला हवा. पहिली दोन मिनिटं काहीच होत नाही असं वाटतं, मग एकदम धागा फुलतो आणि चिमटीएवढ्या वस्तूची पावडरच्या पफासारखी गोंडी होते. हवा धरायची जागा तीच. न विंचरलेला झुपका म्हणजे नुसता दोरीचा तुकडा.

४. कात्रीने घुमटाचा आकार द्या, उंची साधारण दीड सेंमी. कापून पडलेले तंतू गोळा करा, ते वाऱ्यावर सोडू नका.

५. बोटांवर फ्लोटंट पातळ पसरून ते तंतूंच्या मुळापर्यंत चोळा, पुन्हा विंचरा आणि रात्रभर तसंच राहू द्या. नदीकाठी घाईत लावलेल्या फ्लोटंटपेक्षा रात्रभर मुरलेलं कितीतरी जास्त टिकतं.

लीडरवर बसवणं

सर्वांत साधा मार्ग सरकफासाचा. लीडरच्या वरच्या जाड भागात एक फास करा, त्यातून लीडरचाच दुहेरी पदर ओढून दुसरा फास काढा, झुपक्याचा मध्य त्यात घाला, थुंकीने ओला करा आणि आवळा. कोरड्या नायलॉनवर आवळलं तर घर्षणाने धागा तापून दुबळा होतो. फास बरोबर झालाय का, याची खूण अशी: झुपका काढून लीडरची दोन्ही टोकं ओढली की गाठ पूर्ण नाहीशी व्हायला हवी. मागे गाठ राहिली तर चुकलं, आणि तिथेच कधीतरी लीडर तुटेल.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो, कारण लीडरला वाक पडत नाही. बारीक सिलिकॉन नळीचा चार-पाच मिमी तुकडा घ्या. बारीक तारेचा आकडा नळीतून घालून लीडरचा दुहेरी पदर नळीतून ओढून घ्या, म्हणजे पलीकडे छोटा फास येईल. त्या फासात न बांधलेले, सुटे तंतू ठेवा आणि लीडरची दोन्ही टोकं ओढून फास नळीत परत खेचा. तंतू नळीच्या तोंडाशी चिमटले जातात आणि वर फुलतात. खोली बदलायची तर नळी नुसती सरकवायची. न्यूझीलंडमध्ये ही पद्धत रूढ झाली आणि आता सगळीकडे पोचली आहे. तयार संच विकत मिळतात, पण नळी, तार आणि लोकर एवढंच त्यात असतं.

बुचाच्या आणि फोमच्या गोळीला दातकोरणीची पाचर चालते. दोन सूचना. पाचर कोरडी असताना गच्च मारू नका, भिजून फुगली की निघत नाही. आणि पाचर नेहमी वरच्या बाजूने, म्हणजे दोरीकडून मारा, खालच्या बाजूचं टोक लीडरला खरवडतं.

खोली आणि वाचन

सुरुवातीला इंडिकेटर आणि निंफ यांच्यात पाण्याच्या खोलीच्या दीडपट अंतर ठेवा. मीटरभर पाणी असेल तर दीड मीटर. वेगवान पाण्यात दुप्पटही चालतं. कारण असं की पृष्ठभागाचं पाणी तळाच्या पाण्यापेक्षा जोरात धावतं, त्यामुळे लीडर सरळ खाली न लटकता तिरका होतो. दर चार-पाच ड्रिफ्टमध्ये (निंफ टाकून एकदा प्रवाहाबरोबर वाहू देणं म्हणजे एक ड्रिफ्ट) एकदा निंफ तळाला घासून इंडिकेटर किंचित अडखळला तर खोली बरोबर आहे. कधीच अडखळत नसेल तर निंफ माशांच्या डोक्यावरून चाललाय. मासे मिळेनासे झाले की लोक फ्लाय बदलतात. आधी इंडिकेटर वीतभर वर सरकवा, तरीही नाही जमलं तर फ्लाय बदला.

आता इंडिकेटरशेजारच्या बुडबुड्यांकडे बघा. तळाजवळचा निंफ हळू वाहतो, म्हणून इंडिकेटर बुडबुड्यांच्या वेगाने किंवा जरा मागे राहून चालायला हवा. बुडबुड्यांना मागे टाकत असेल, किंवा मागे व्ही आकाराची रेघ काढत असेल, तर दोरी त्याला ओढतेय. लगेच दोरीचा पोट आलेला भाग प्रवाहाच्या वरच्या दिशेला उलटवून टाका. यालाच मेंडिंग म्हणतात. आणि ते करताना इंडिकेटर जागचा हलला नाही तर छान जमलं.

चावा म्हणजे इंडिकेटर गडप होणं, हा समज सोडा. गडप होणं हा दहातला एखादा चावा. बाकीचे असे असतात: क्षणभर थबकणं, बोटभर आडवं सरकणं, झुपक्याने एकदम मान टाकणं, नाहीतर पाण्याच्या तालाशी न जुळणारी एखादी बारीक थरथर. संशय आला की उचला. मासा प्रवाहाकडे तोंड करून असतो, म्हणून रॉड सरळ वर न खेचता प्रवाहाच्या खालच्या दिशेला, हातभर, झटकन न्यावा. तळाचा दगड निघाला तर निघाला, दगडाला राग येत नाही.

तलावात गोष्ट थोडी वेगळी. तिथे निंफ पाच-सहा मीटर खाली टांगायचा असतो आणि इंडिकेटर रॉडच्या टोकाच्या रिंगेत अडकून मासा जाळीपर्यंत आणताच येत नाही. अशा ठिकाणी मासा लागताच पाचर सुटून खाली घसरणारा इंडिकेटर हवा. घरी करायचा असेल तर भोकाच्या गोळीत पाचर अगदी हलकी ठेवून लीडरचा छोटा वळसा तिच्यात चिमटायचा. हिसका बसला की वळसा सुटतो.

देखभाल

नदीवर असताना झुपका मलूल दिसू लागला की पहिली प्रतिक्रिया जेल काढण्याची होते. थांबा. ओल्या तंतूंवर जेल लावणं म्हणजे पाणी आत ठेवून दार बंद करणं. आधी दोन-तीन फोल्स कास्ट करून, म्हणजे दोरी पाण्यावर न टेकवता हवेतच पुढेमागे फेकून, पाणी झटका, मग झुपका शर्टाच्या बाहीत किंवा कोरड्या फडक्यात दाबा, मग सिलिकाची कोरडी पावडर बोटांनी चोळून उरलेला ओलावा शोषून घ्या, आणि तंतू सुटे झाल्यावरच जेल, तेही पुसट. फणी विसरली असेल तर जुना दातांचा ब्रश चालतो. थंडीत जेल घट्ट होतं, कुपी थोडा वेळ मुठीत धरा.

आणखी एक चूक मी बरीच वर्षं केली. जेलने माखलेल्या बोटांनीच पुढे लीडर हाताळायचो. इंडिकेटरच्या खालचा लीडर बुडायला हवा. तो तुपकट झाला की वर तरंगतो आणि निंफलाही वर धरतो. बोटं पुसा. लीडर माखलाच असेल तर मुलतानी मातीत भांडी घासायचं द्रव आणि थोडं ग्लिसरिन कालवून केलेला लगदा चिमटीत धरून त्यातून लीडर ओढा. चकाकीही जाते आणि तो चटकन बुडतो. छोट्या डबीत हा लगदा बरेच दिवस टिकतो.

घरी आल्यावर त्याच दिवशी सगळे इंडिकेटर डबीतून बाहेर काढा. ओल्या लोकरीची बंद डबी दोन दिवसांत कुबट होते आणि शेजारच्या गळांना गंज चढतो. माशाचा बुळबुळीतपणा तंतूंवर वाळला की तिथे फ्लोटंट धरत नाही, म्हणून कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा. पण साबण पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे वाटतं त्याच्या तिप्पट वेळ खळबळा. एकदा मी आठ-दहा झुपके भांड्याच्या साबणाने लख्ख धुतले, वरवर विसळले, आणि दुसऱ्या दिवशी नदीवर एकामागून एक सगळे दगडासारखे बुडाले. साबण पाण्याला तंतूंच्या फटींत शिरायला वाट करून देतो. जरासा उरला तरी फ्लोटंटची मेहनत वाया. धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून, विंचरून पुन्हा फ्लोटंट लावून ठेवा.

फोमचं दुखणं दाबाचं. भरगच्च डबीत आठवडाभर चेपून राहिलेला तुकडा पुन्हा पूर्ण फुगत नाही, आणि फुगला नाही म्हणजे हवा कमी. सुटसुटीत ठेवा. थर्माकोलच्या गोळ्यांना घरी रंग देत असाल तर पाण्यावर आधारलेला ॲक्रिलिक रंगच वापरा. स्पिरिट किंवा थिनरचा रंग थर्माकोल खाऊन टाकतो.

बुचाच्या आणि बाल्साच्या गोळीत पाणी शिरतं ते रंगाच्या टवक्यातून आणि मधल्या भोकातून. बाहेरून रंगवताना भोक आतून रंगवायचं सगळे विसरतात. दातकोरणी व्हार्निशमध्ये बुडवून भोकातून फिरवा. हंगाम संपला की गोळ्या पूर्ण वाळू द्या आणि मगच नवा हात द्या. ओलाव्यावर व्हार्निश बसवलं तर लाकूड आतून कुजतं.

प्लॅस्टिकच्या फुग्याला तडा गेला तर डोळ्याला दिसत नाही. तो गरम पाण्यात बुडवून धरा. आतली हवा प्रसरण पावते आणि तड्यातून बुडबुड्यांची बारीक माळ निघते. माळ दिसली की फुगा बाद. कानाशी हलवून पाण्याचा आवाज येतो का हेही बघावं.

दोन शत्रू सगळ्यांचे सारखे आहेत. एक ऊन: झगझगीत रंग उन्हात फिके पडतात, म्हणून टोपीला टोचून मिरवू नका, अंधाऱ्या डबीत ठेवा. दुसरा डीट असलेलं डास पळवणारं मलम. ते प्लॅस्टिक मऊ करतं, रंग उतरवतं आणि फ्लाय लाइनच्या, म्हणजे फेकायच्या जाड दोरीच्या, कवचालाही इजा करतं. मलम हाताच्या उलट बाजूने लावा आणि तळवे धुतल्याशिवाय डबीला हात लावू नका.

एका नदीवरून दुसरीकडे जाताना लोकरीची वेगळी काळजी घ्यावी लागते. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर २००४ मध्ये डिडिमो हे शेवाळ सापडलं, आणि २००८ मध्ये तिथे फेल्टच्या, म्हणजे दाबलेल्या तंतूंच्या जाड कापडाच्या, तळव्याचे बूट बंद केले गेले, कारण ओला फेल्ट सूक्ष्म जीवांना एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात नेतो. लोकरीचा ओला झुपका म्हणजे फेल्टचाच धाकटा भाऊ. हाताला कोरडा लागल्यावरही आणखी ४८ तास वाळू द्यायचा, असा तिथला दंडक आहे. झुपके इतके स्वस्त आहेत की मी तेवढी वाटही बघत नाही, प्रत्येक नदीची वेगळी पुडी ठेवतो.

नियमांचं थोडं

काही पाण्यांवर फक्त फ्लायला परवानगी असते आणि तिथे इंडिकेटर हा फ्लोट धरला जातो, तर काही ठिकाणी लोकर चालते आणि प्लॅस्टिक चालत नाही. परवाना घेतानाच विचारा. फिप्स-मूश या फ्लाय फिशिंगच्या जागतिक संघटनेच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत लीडरवर वेगळा इंडिकेटर चालत नाही. रंगीत नायलॉनच्या तुकड्याकडे बघून चावा ओळखायची पद्धत स्पर्धकांनी यातूनच घोटून घेतली. इंडिकेटरखाली वजन लावताना शिसं टाळा. इंग्लंड आणि वेल्समध्ये हंसांना होणाऱ्या विषबाधेमुळे १९८७ पासून शिशाच्या बहुतेक छोट्या वजनांवर बंदी आहे. कथलाचे किंवा टंगस्टनचे मणी सरळ घ्यावेत.

माझ्या डबीत

काळा-पिवळा झुपका तीन मापांत, प्रत्येकी दोन. पांढरे दोन. १० आणि १२ मिमीच्या फोमच्या गोळ्या चार. प्लॅस्टिकचा फुगा एक. सिलिकॉन नळीचा बोटभर तुकडा, तारेचा आकडा, तुटकी फणी, पावडर, जेल, मुलतानी मातीची डबी आणि कापलेले तंतू टाकायला एक रिकामी कुपी. सगळं शर्टाच्या एका खिशात मावतं. यातल्या कशाची धार गेली, रंग उडाला किंवा बादलीच्या परीक्षेत टिंबाप्रमाणे तरंगला नाही, तर ते हंगामाच्या शेवटी निघतं आणि त्याच संध्याकाळी नवं बनतं.